वाचता येणे आणि कळणे : उच्च माध्यमिक वर्गांतील इंग्रजी वाचन व शब्दसंग्रह

मे महिना संपत आला होता. वरळी कोळीवाड्यात, किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एक कोळी गृहस्थ दारापुढे फाटलेले जाळे सांधीत बसले होते. त्यांचा मुलगा नुकताच बारावीत गेला होता. हवामानाविषयीची सूचना इंग्रजीत आली होती, ती त्याने वडिलांना मोठ्याने वाचून दाखविली. सूचना मराठीतही दिली जाते, परंतु त्या दिवशी मुलाच्या हाती इंग्रजी मजकूर आधी आला. वाचन उत्तम झाले. उच्चार स्पष्ट होते आणि कोठे अडखळणे नव्हते. शेवटचे वाक्य होते : ‘फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी.’

वडिलांनी जाळ्यावरची नजर न काढता विचारले, “मंग, जावाचा का नाय?”

मुलगा क्षणभर थांबला व म्हणाला, “कोळ्यांनी समुद्रात साहस करावं, असं काहीतरी लिहिलंय.”

‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणजे साहस, एवढे त्यास पाठ होते. ‘व्हेंचर’ हा शब्द त्याने त्याच खुंटीस टांगला, आणि मधला ‘नॉट’ हा इवलासा शब्द घाईत निसटला. अर्थ नेमका उलटा झाला. वडिलांनी एकदा पश्चिमेकडे पाहिले आणि होडी काढावयाची नाही असे सांगून पुन्हा जाळ्यात हात घातला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण दर्या वाचता येत होता. मुलाला इंग्रजी वाचता येत होते, पण ते कळत नव्हते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा प्रसंग मुंबईतील असला, तरी असा विद्यार्थी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. म्हणजे बारावीत जाणाऱ्या मुलाने ही भाषा अकरा वर्षे अभ्यासलेली असते. एवढ्या श्रमानंतर साधी सूचना उलटी समजत असेल, तर दोष केवळ मुलाच्या माथी मारता येणार नाही. आपल्यापैकी बहुतेक जण प्राथमिक शाळांत शिकवितो. तथापि गावातील अकरावी-बारावीची मुले अडचण घेऊन संध्याकाळी आपल्याच दारी येतात, आणि वाचनाची पहिली सवयही आपल्याच वर्गात लागलेली असते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

१. दोष कोठे राहतो?

पहिला दोष असा की, मोठ्याने वाचणे हेच वाचन, असे आपण मानीत आलो आहोत. प्रकट वाचनाने उच्चार सुधारतात व धीर येतो, हे खरे. परंतु मोठ्याने वाचणाऱ्याचे सारे लक्ष जिभेकडे असते, अर्थाकडे थोडेच उरते. वर्गातील इतर मुले तर त्या वेळी केवळ आपली पाळी कधी येते याची वाट पाहत असतात. आयुष्यात पुढे जे वाचन करावयाचे, ते बहुतेक मूकच असते. त्याचा सराव मात्र आपण क्वचितच देतो.

दुसरा दोष प्रश्नांचा. वरील वाक्यावर ‘व्हू आर अ‍ॅडव्हाइज्ड?’ असा प्रश्न विचारला, तर मुलगा ‘फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड’ असे लिहील व पूर्ण गुण मिळवील. प्रश्नातील दोन शब्द उताऱ्यात शोधावयाचे आणि त्यांच्या आजूबाजूचे वाक्य उचलावयाचे, ही युक्ती त्यास साधलेली असते. अर्थ न कळताही उत्तर बरोबर येते, आणि शिक्षकास वाटते की कळले.

तिसरा दोष शब्दांच्या याद्यांचा. ‘एक शब्द, एक अर्थ’ अशी यादी पाठ केली की, शब्द ओळखीचा वाटतो पण त्याचा स्वभाव कळत नाही. ‘नेट म्हणजे जाळे’ हे कोळ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. पण डब्यावर ‘नेट वेट’ दिसले म्हणजे तो विचारात पडतो. तेथे ‘नेट’ म्हणजे निव्वळ.

२. थोडा पूर्वेतिहास

हा प्रश्न नवा नाही. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ अविभक्त बंगालात ढाका येथे काम करीत होते. आपल्या देशातील पुष्कळ मुले शिक्षण अर्धवट सोडून जातात, असे त्यांनी पाहिले. मुलगा जेव्हा शाळा सोडील, तेव्हा त्याच्या पदरात काहीतरी उपयोगी राहिलेच पाहिजे, आणि ते म्हणजे वाचून समजण्याची शक्ती, असा विचार त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. त्यासाठी त्यांनी अशी वाचनपुस्तके तयार केली की, त्यांत नवे शब्द एकदम कोसळत नाहीत. ते थोडे थोडे येतात व पुन्हा पुन्हा भेटतात. पुढे १९५३ साली त्यांनी संपादिलेली सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

त्यानंतरच्या संशोधनाने आणखी एक उपयुक्त माप दिले आहे. बातिया लॉफर यांनी १९८९ साली असे दाखविले की, उतारा बऱ्यापैकी कळण्यास त्यातील शंभरांपैकी सुमारे ९५ शब्द वाचकास ठाऊक असावे लागतात. कोणाच्याही मदतीवाचून तो सुखाने वाचावयाचा, तर शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द ठाऊक हवेत, असे हू व नेशन या संशोधकांना २००० साली आढळले. म्हणजे विसात एक अनोळखी शब्द असला तर कसेबसे चालते, आणि पन्नासात एक असला तर वाचन सुखाचे होते. हे माप आपणांस विनाखर्च वापरता येते. शंभर शब्दांचा उतारा द्यावा व न समजलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावयास सांगावे. पाचांहून अधिक रेघा पडल्या, तर तो उतारा त्या मुलास एकट्याने वाचण्यास योग्य नाही. तो शिक्षकाबरोबर वाचावा किंवा बदलावा.

३. नमुना पाठ : हवामानाची सूचना

पुढील पाठ आम्ही वरळी कोळीवाड्यातील अकरावी-बारावीच्या काही मुलांबरोबर केला. येथे इंग्रजी शब्द नागरी लिपीत दिले आहेत. शिक्षकांनी ते फळ्यावर रोमन लिपीत लिहावेत.

*पहिली पायरी : वाचण्यापूर्वी एकच प्रश्न.* सूचना हाती देण्याआधी फळ्यावर मराठीत लिहिले, ‘उद्या जावयाचे की नाही? कोणत्या शब्दावरून ठरविले?’ मुलांनी मुकाट्याने वाचले. ज्यास उत्तर सापडले त्याने हात वर न करता वहीत लिहिले. हात वर झाले की, मागे राहिलेली मुले वाचणे सोडून देतात. प्रश्न खरा असला आणि त्याच्या उत्तरावर काही अवलंबून असले, म्हणजे ‘नॉट’ निसटत नाही.

*दुसरी पायरी : शब्दांचे तीन ढीग.* धक्क्यावर मासळी निवडतात त्याप्रमाणे शब्द निवडावयाचे. पहिल्या ढिगात ठाऊक असलेले शब्द, दुसऱ्यात संदर्भावरून ताडता येण्याजोगे, तिसऱ्यात ज्यांच्यावाचून अर्थ अडतो व जे कोशातच पाहिले पाहिजेत असे. ‘स्क्वॉली’ हा शब्द कोणासही ठाऊक नव्हता. पण तो ‘वेदर’ या शब्दापूर्वी आला होता आणि पुढे वाऱ्याचा वेग दिला होता. त्यावरून एका मुलीने ‘सोसाट्याचे, झंझावाती’ असा अर्थ बरोबर सांगितला. प्रत्येक अनोळखी शब्दाशी कोश उघडून बसणारा वाचक वाक्याचा धागा हरवितो. कोश मुळीच न उघडणारा वाचक ‘व्हेंचर’चे साहस करून बसतो. काय ताडावे आणि काय पडताळावे, हा विवेक शिकविणे हेच शिक्षकाचे काम.

*तिसरी पायरी : एका शब्दाचे अनेक अर्थ.* हवामानाच्या भाषेत ‘डिप्रेशन’ हा शब्द नेहमी येतो. मुलांना तो मनाची खिन्नता या अर्थी ठाऊक होता. येथे तो कमी दाबाच्या पट्ट्याची एक तीव्र अवस्था दाखवितो, ज्यात वाऱ्याचा वेग १७ ते २७ नॉट असतो. ३४ नॉटपासून पुढे त्यास ‘सायक्लोनिक स्टॉर्म’, म्हणजे चक्री वादळ म्हणतात. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेले निसर्ग आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेलेले तौक्ते ही वादळे मुलांना चांगली आठवत होती. ‘खाली दबणे’ हा मूळ अर्थ सांगताच मनाचे व हवेचे डिप्रेशन एकाच ठिकाणी आले, आणि शब्द कायमचा लक्षात राहिला.

‘नॉट’ शब्दाने तर वर्गात मौज झाली. नकाराचा ‘नॉट’ निराळा आणि गाठ या अर्थाचा ‘नॉट’ निराळा. दुसऱ्याच्या आरंभी ‘के’ लिहावयाचा पण उच्चारावयाचा नाही. जहाजाचा वेग मोजण्यासाठी पूर्वी ठराविक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडीत व ठराविक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. त्यावरून ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, या वेगास ‘नॉट’ असे नाव पडले. लहानपणापासून दोरीस गाठी मारणाऱ्या मुलांना हे पुन्हा सांगावे लागले नाही.

‘वॉच’, ‘अ‍ॅलर्ट’ व ‘वॉर्निंग’ या शब्दांची चढती पायरीही याच पाठात घेतली. पिवळ्या रंगाशी ‘वॉच’, म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगीशी ‘अ‍ॅलर्ट’, म्हणजे सज्ज राहा. तांबड्याशी ‘वॉर्निंग’, म्हणजे आता कृती करा. ‘वॉच म्हणजे घड्याळ’ एवढेच ठाऊक असलेल्या मुलाला पिवळी सूचना कशी कळावी?

*चौथी पायरी : शब्दांची कुटुंबे.* ‘अ‍ॅडव्हाइज’ क्रियापद, ‘अ‍ॅडव्हाइस’ नाम, ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणजे सूचनापत्र, ‘अ‍ॅडव्हायझेबल’ म्हणजे करणे इष्ट. त्याचप्रमाणे ‘फिश, फिशर, फिशरमन, फिशरी’. मराठीत गतीपासून प्रगती, अधोगती, सद्गती होतात, हे मुलांना ठाऊक असते. इंग्रजी शब्दही असेच मागेपुढे प्रत्यय घेतात, असे सांगितले की एका शब्दाच्या श्रमात चार शब्द मिळतात. मराठी व्याकरणाचा इंग्रजीस हा मोठाच आधार आहे. तो टाकून देऊ नये.

*पाचवी पायरी : शब्दांची सोबत.* आपण जोराचा वारा म्हणतो आणि जोराचा पाऊसही म्हणतो. इंग्रजीत वाऱ्यास ‘स्ट्राँग’ व पावसास ‘हेवी’ म्हणतात. समुद्र खवळला की तो ‘रफ’. जाळे टाकणे ‘कास्ट’ आणि जाळे सांधणे ‘मेंड’. एकेकटा शब्द पाठ करण्यापेक्षा सोबत्यासह पाठ करावा, म्हणजे वाचताना तो लवकर ओळखू येतो व लिहिताना चुकत नाही.

४. शब्द शोधावयाचे कोठे? आपल्याच गावात

वरळी कोळीवाडा हा मुंबईच्या सात बेटांपैकी एका बेटावरील जुना गाव. त्याच्या एका बाजूस किल्ला, आणि समोरून ३० जून २००९ रोजी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. पुढे सागरी किनारा मार्गाचे काम आले. या मार्गास सेतूशी जोडणाऱ्या पुलाच्या खांबांतून होड्या सुरक्षित ये-जा करतील काय, असा प्रश्न येथील मच्छीमारांनी लावून धरला. दोन खांबांतील सुमारे ६० मीटरांचे योजिलेले अंतर वाढवून १२० मीटर करण्याचे पुढे मान्य झाले.

या वादातील कळीचे शब्द कोणते होते, ते आम्ही मुलांना शोधावयास सांगितले. ‘पिअर’ हा शब्द कोळीवाड्यात धक्क्यासाठी ठाऊक होता. पुलाच्या आराखड्यात मात्र ‘पिअर’ म्हणजे पुलाचा खांब. ‘स्पॅन’ म्हणजे दोन खांबांमधील पल्ला. तोच शब्द पसरलेल्या हाताच्या वितीस आणि माणसाच्या आयुर्मर्यादेसही लावतात. ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे नौकांची वाहतूक, ‘लाइव्हलिहुड’ म्हणजे उपजीविका, ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे भरपाई. ज्या मुलास या पाच शब्दांचे खरे अर्थ कळतात, तो आपल्या वडिलांसमोर आलेला कागद त्यांना समजावून देऊ शकतो. ज्यास कळत नाहीत, त्याच्या घरचा प्रश्न दुसराच कोणीतरी वाचतो व दुसराच कोणीतरी सांगतो. शब्दसंग्रह हा केवळ गुणांचा विषय नव्हे, तो असा.

मार्च २०२० च्या अखेरीस साथीमुळे हा कोळीवाडा बंद करण्यात आला, तेव्हा ‘क्वारंटाइन’ हा शब्द येथे घरोघर पोहोचला. त्याचे मूळ ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दात आहे. साथीच्या काळात व्हेनिसला आलेली जहाजे चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवीत, त्यावरून तो आला. समुद्रावरचाच शब्द शेवटी समुद्रकाठच्या गल्लीत आला, हे ऐकून मुले बराच वेळ त्याविषयी बोलत राहिली.

इंग्रजी ही सर्वस्वी परकी भाषा आहे, हे भयही अशाच शब्दांनी कमी होते. लहान होडीस इंग्रजीत ‘डिंगी’ म्हणतात, तो शब्द आपल्याच देशातून गेला. ‘कॅटामरान’ तमिळमधून गेला. आणि माशांच्या थव्यास ‘स्कूल’ म्हणतात, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, “मग आम्हीपण मासेच!” वस्तुतः हे दोन ‘स्कूल’ मुळात वेगळे. माशांचे ‘स्कूल’ डच भाषेतून आले, शाळेचे मूळ ग्रीक. पण शब्द मात्र विसरला जाणार नाही.

आपल्या गावी समुद्र नसेल. पण कीटकनाशकाची बाटली आहे. तिच्यावरील त्रिकोणाचा तांबडा रंग अतितीव्र विष दाखवितो, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. त्याजवळ ‘पॉयझन’, ‘डायल्यूट’, ‘अँटिडोट’ हे शब्द आढळतात. खताच्या गोणीवर ‘नेट वेट’ आहे. बँकेच्या अर्जावर ‘बॅलन्स’, ‘इंटरेस्ट’, ‘नॉमिनी’ आहेत. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड एवढेच शिकलेल्या मुलाने वडिलांच्या कर्जाचा कागद कसा वाचावा? असे कागद वर्गात आणावेत. खाजगी माहिती मात्र झाकून घ्यावी.

५. शब्दवही व उजळणी

प्रत्येक मुलाने एक शब्दवही ठेवावी. एका शब्दास अर्धे पान द्यावे व त्यात चारच गोष्टी लिहाव्यात : ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य, तेथील मराठी अर्थ, त्याचे कुटुंब वा सोबती, आणि स्वतःचे एक खरे वाक्य. दिवसास पाच शब्द पुरेत. पंचवीस शब्द लिहून विसरण्यापेक्षा पाच लिहून वापरलेले बरे.

एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते, आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एकाच दिवशी दहा वेळा घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने एकेकदा आठवून पाहावे. आठवताना अर्थ झाकून ठेवावा. उघड्या वहीकडे पाहणे म्हणजे उजळणी नव्हे. जाळे एकदाच सांधून भागत नाही. प्रत्येक फेरीनंतर ते पाहावे लागते, तसेच हे आहे.

कोशाविषयी एक सूचना. आरंभी इंग्रजी-मराठी कोश वापरावा व त्यातील पहिलाच अर्थ न उचलता सर्व अर्थ वाचून वाक्यात बसणारा निवडावा. बारावीपर्यंत सोप्या इंग्रजी-इंग्रजी कोशाची ओळख व्हावी.

६. आठवड्याची आखणी

सोमवारी एक लहान उतारा घ्यावा : आधी प्रश्न, मग मूकवाचन. मंगळवारी त्यातील शब्दांचे ढीग व अनेक अर्थ. बुधवारी कुटुंबे व सोबती. गुरुवारी जुन्या शब्दांची झाकून उजळणी. शुक्रवारी उताऱ्याचा सारांश मराठीत, तोही तोंडी आणि घरच्या माणसास समजेल अशा शब्दांत. शनिवारी आवडीचे सोपे वाचन, ज्यावर एकही प्रश्न विचारावयाचा नाही. रोज वीस मिनिटे पुरतात. शुक्रवारचा सारांश गाळू नये. इंग्रजी कळले की नाही, याची सर्वांत कठोर परीक्षा मराठीतच होते.

परीक्षा जवळ आली की मार्गदर्शकातील तयार उत्तरे पाठ करण्याकडे मुलांचा कल होतो, तो समजण्यासारखा आहे. परंतु न पाहिलेला उतारा समोर आला की, पाठ केलेले कामास येत नाही. रोजची वीस मिनिटे मात्र तेथे उपयोगी पडतात.

गणपतीनंतर आम्ही पुन्हा कोळीवाड्यात गेलो. मासेमारी सुरू झाली होती. तोच मुलगा सूचना वाचीत होता, पण या वेळी मोठ्याने नव्हे. वाचून झाल्यावर तो वडिलांना म्हणाला, “उद्या दुपारपर्यंत ठीक आहे. दुपारनंतर वारा वाढेल, परवा जायचं नाही.” वडिलांनी नेहमीप्रमाणे एकदा पश्चिमेकडे पाहिले आणि मान हलविली.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या गावात आढळणारे पाच इंग्रजी कागद वा वेष्टने जमवा. प्रत्येकातील असे दोन शब्द काढा की, ज्यांचा अर्थ चुकल्यास घरच्यांचे नुकसान होईल.

२. ‘स्केल’ या शब्दाचे निदान चार अर्थ लिहा. माशाच्या अंगावरील खवल्यापासून आपल्या वेतनश्रेणीपर्यंत ते सापडतील.

३. पाठ्यपुस्तकातील एका उताऱ्यावर असे दोन प्रश्न तयार करा की, वाक्य जसेच्या तसे उचलून त्यांचे उत्तर देता येणार नाही.

४. एका विद्यार्थ्यास शंभर शब्दांचा उतारा देऊन अनोळखी शब्दांची मोजणी करा व उतारा त्यास योग्य आहे की नाही ते ठरवा. केंद्राच्या पुढील बैठकीत या मोजणीवर चर्चा करावी.